पोचेचा रकाना

१

सन दोन हजार तेवीस, भाद्रपद वद्य पंचमी. इंग्रजी तारीख तीन ऑक्टोबर, वार मंगळवार. पितृपंधरवडा चालू होता आणि पावसाने त्या वर्षी पाठ फिरवली होती. नदीत नुसती वाळू. बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

कानिफनाथ औटी रोजच्यासारखे नऊ वाजता टेकडी चढले. वय बहात्तर, शिक्षण चौथी, हातात काठी नाही. टेकडीच्या माथ्यावर पाटबंधारे खात्याची एक खोली आहे. दहा बाय दहा, दगडी, वर पत्रा. तिथं पूर्वी वायरलेस होता. वरच्या अंगाला डोंगरवाडीला एक माणूस नदीची उंची मोजायचा आणि तासातासाला आकडा सांगायचा. कानिफनाथ तो वहीत लिहायचे आणि खाली धरणावर कळवायचे. तेवीस वर्षं हेच काम केलं. मग मोबाईल आले, यंत्र खात्याने नेलं, कानिफनाथ निवृत्त झाले. किल्ली कुणी मागितली नाही. त्यांनीही दिली नाही. रोज वर जायचं, कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, कुलूप लावायचं.

"लोकं देवळात झाडलोट करत्यात, तुमी रिकाम्या खोलीत करता," छबूबाई म्हणायची. "ती खोली कवा पावनार हाय तुमाला?"

कानिफनाथ उत्तर देत नसत. बायकोला उत्तर द्यायचं नाही हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम होता. बोलत राहायचं हा तिचा.

त्या दिवशी उंबऱ्यावर एक मुलगी बसली होती. पंचविशीची. पाठीवर दप्तर, शेजारी दोन खोकी.

"बाबा, किल्ली तुमच्याकडे असते ना? मी अलिझा. नगरहून आले. संशोधन करते, पीएच.डी.चं. हे खात्याचं पत्र."

पत्र त्यांनी दोनदा वाचलं. शिक्का बघितला.

"कसलं संशोधन?"

"ट्रान्समीटरचं. म्हणजे…"

"वायरलेस."

"हो. पण एवढासा." तिने तळहात उघडला. साबणाच्या वडीएवढी डबी आणि तिला बोटभर शेपूट.

"एवढुश्यानं काय व्हतंय?"

"तेच तर शोधायचंय, बाबा."

कानिफनाथांनी कुलूप काढलं.

२

संध्याकाळपर्यंत तिने चार डब्या बसवल्या. एक गावच्या विहिरीवर, एक पुलाच्या कठड्याला, एक शाळेच्या गच्चीवर, एक खिंडीत. मुख्य यंत्र टेकडीच्या खोलीत ठेवलं, जिथं जुना वायरलेस असायचा त्याच कट्ट्यावर. जागा तिने आपल्या मनानेच निवडली. कानिफनाथांना ते आवडलं नाही आणि का आवडलं नाही ते सांगता येईना.

"हे चालतं कसं?" त्यांनी विचारलं.

"डबी तासातासाला एक आकडा पाठवते. इथून तिला पोच जाते. पोच मिळाली की डबी झोपते, बॅटरी वाचते. नाही मिळाली तर तोच आकडा परत पाठवते. किती जोरात पाठवायचा, किती वेळा, मध्ये डोंगर आला तर काय करायचं, हा माझा प्रबंध."

"आन् पोच आलीच न्हाई तर?"

"तर पाठवतच राहते. जीव जाईपर्यंत." ती हसली. "वेड्या असतात बिचाऱ्या."

कानिफनाथ बाहेर जाऊन उभे राहिले. खाली वाळूचा पट्टा उन्हात पांढरा दिसत होता. मग परत आत आले.

तिच्याकडे बोलायचे दोन हातसंच होते. एक तिने त्यांच्या हातात दिला. मी लांबून बोलेन, ऐकू आलं की सांगा, म्हणाली. कानिफनाथांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"तू तोंडाला लावून बोलतीस. चार बोटं लांब धर. आदी कळ दाब, दम घे, मंग बोल. न्हाईतर पयला शब्द जातोय."

"आमच्या सरांनी हे कधी सांगितलं नाही."

"त्यांना पूर आलाय का कधी?"

३

बुधवारी दुपारी दोनला पडद्यावर पाच ओळी उमटल्या.

डब्या चार होत्या. ओळी पाच. पाचवीपुढे डबीचा क्रमांक नव्हता. नुसता आकडा होता, तीनशे दहा. शेजारी पोचेचा रकाना होता, तो रिकामा.

"कुणाची तरी दुसरी डबी असेल," अलिझा म्हणाली. "साखर कारखान्यावाले उसात ओल मोजायला लावतात हल्ली. त्यांची भरकटून आली असेल. माझं यंत्र तिला ओळखत नाही, म्हणून पोच देत नाही."

"हिथं कुटं ऊस? हुलगं उगवंना झालंय."

"लांबून येऊ शकते, बाबा. पण राहिली तर माझा सगळा तक्ता खराब होईल. सर म्हणतील, तुला तुझ्या डब्याच मोजता येत नाहीत."

ती खाली गेल्यावर कानिफनाथांनी झाडू घेतला. कट्ट्याजवळची भिंत खाली ओली होती. जमिनीपासून घोट्याएवढी. वरची कड सरळ, दोरी धरून आखल्यासारखी. त्यांनी बोट लावलं. बोटाला गाळ आला. वास घेतला. पुराच्या पाण्याला एक वास असतो, मेलेल्या गवताचा आणि उपटलेल्या मुळ्यांचा. तो त्यांना ओळखू आला.

खडकाला पाझर फुटला असेल, त्यांनी ठरवलं. टेकडीच्या माथ्यावर, दुष्काळात पाझर. ठरवलं खरं, पण कुलूप लावताना ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही.

गुरुवारी दोनला पाचव्या ओळीत चारशे पासष्ट होते. ओल गुडघ्याला आली होती.

कानिफनाथ तडक घरी आले. खाटेखालची पेटी ओढली. वर खात्याने सत्कारात दिलेली शाल होती. तिच्याखाली वही होती.

"आता ह्या वक्ताला पेटी कशाला?" छबूबाईने विचारलं. "श्राद्ध तर परवा झालं तुमच्या बाचं."

त्यांनी वही दिव्याखाली धरली. पुराच्या दिवसाचं पान. अकराला तीनशे दहा. बाराला चारशे पासष्ट. एकला पाचशे ऐंशी. दोनला सातशे चाळीस.

पोचेच्या रकान्यात पहिल्या तीन ओळींपुढे खूण होती. चौथीपुढे नव्हती.

४

ते साल चौऱ्याण्णव होतं. भाद्रपदच होता, पण पाण्याचा.

डोंगरवाडीच्या खोलीत तेव्हा नुरुद्दीन शेख असायचा. गडी हसरा, जीभ तिखट. शून्याला पूज्य म्हणायचा. आकडा सांगून झाला की नियमाप्रमाणे कानिफनाथांनी तोच आकडा परत म्हणायचा आणि 'मिळालं' म्हणायचं. ती पोच. पोच मिळेपर्यंत सांगणाऱ्याने यंत्रापासून उठायचं नाही. आणि पाणी सात मीटरच्या वर, म्हणजे आकडा सातशेच्या वर गेला तर पोचेबरोबर आणखी दोन शब्द द्यायचे, 'जागा सोडा'. ते ऐकल्याशिवाय वरच्या माणसाने खोली सोडली तर नोकरी गेली. नियम कडक होता. कानिफनाथांना तो पाठ होता. त्यांना सगळेच नियम पाठ असत, आणि याचा त्यांना ताठा होता.

पुराच्या दोन दिवस आधी मोठे साहेब टेकडीवर आले होते. त्यांच्या समोर यंत्रातून नुरुद्दीन म्हणाला, "कानिफनाथ, कान धुतले का आज? का दोनदा सांगू?" साहेब पोट धरून हसले. बरोबरचे लोकही हसले. नुरुद्दीनला तिथं कोण उभं आहे हे ठाऊकही नव्हतं. रोजचीच थट्टा होती ती.

कानिफनाथ हसले नाहीत. त्यांनी ते मनात ठेवलं.

पुराच्या दिवशी दोन वाजता आवाज आला. "सात, चार, पूज्य." कानिफनाथांनी लिहून घेतलं. लगेच धरणावर कळवलं. त्यात कसूर केली नाही. दरवाजे वेळेवर उघडले, खालची गावं वाचली, त्याची शाल मिळाली. फक्त वर पोच दिली नाही.

बसू दे दहा मिनिटं, ते मनाशी म्हणाले. सांगू दे दोनदा.

नुरुद्दीनने पाच वेळा सांगितलं. एकदाही आवाज चढवला नाही. मग शब्द थांबले आणि नुसती कळ दाबल्याचा, सोडल्याचा आवाज येत राहिला. टक. टक. मग तोही थांबला. दहा मिनिटं झाली तेव्हा कानिफनाथांनी कळ दाबून पोच दिली. ती घ्यायला कुणी नव्हतं.

चौकशीत त्यांनी सांगितलं, पोच वेळेवर दिली होती. पक्क्या वहीत तशी खूण केली. साहेबांनी लिहिलं, हुकूम मिळूनही माणूस वाहून गेला, म्हणजे यंत्रापाशी झोपला असावा. कच्ची वही कानिफनाथांनी घरी आणली. जाळायला म्हणून आणली होती.

५

शुक्रवारी दोनला पाचशे ऐंशी आले. कानिफनाथांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. त्यांना आकडा ठाऊक होता.

अलिझाने आकडा कुठून येतो ते शोधायला एक लांबट तारेचा पंजा हातात धरून चारी दिशांना फिरवला. वरच्या अंगाला केला की त्याला जोडलेल्या मापकाचा काटा चढायचा.

"डोंगरवाडीकडून येतंय," ती म्हणाली. मग पंजा खाली ठेवत म्हणाली, "मला वाटलंच होतं."

छबूबाईने किटलीत चहा पाठवला होता. तो उंबऱ्यावर बसून पिताना मुलीने आपणहून सांगितलं.

"ही नदी मी उगाच नाही निवडली, बाबा. सरांनी गोदावरीकाठ सुचवला होता, कोपरगावला. मीच हट्ट धरला. माझे आजोबा डोंगरवाडीला होते, नदी मोजायला. तुम्ही ओळखत असाल. नुरुद्दीन शेख."

कानिफनाथांनी कप खाली ठेवला.

"व्हय. ओळखत हुतो."

"पाणी आलं तेव्हा ते झोपले होते म्हणतात. माझे अब्बा तेव्हा बारावीत. वर्गात पोरं त्यांना म्हणायची, फैयाज, झोपलास का रे? दादीला ते अजून पटत नाही. म्हणते, त्यांना दुपारी झोप यायचीच नाही. आमच्या घरी आजसुद्धा दुपारी कुणी आडवं झालं की दादी उठवते. पाहुणा असला तरी." ती हसली. "सवय झाली. मलाही येत नाही आता."

कानिफनाथ भिंतीकडे बघत होते. ओल छातीला लागली होती. सगळी भिंत काळी पडली होती. फक्त कट्ट्यासमोर, जिथं बसून माणूस पाठ टेकेल, तिथं एक तुकडा कोरडा होता. खाली रुंद, वर दोन खांदे.

"तुला तिथं ओल दिसती का?" त्यांनी विचारलं.

"आहे की. जुनी भिंत, क्षार सुटले असतील." तिने चहा संपवला. "उद्या मी डोंगरवाडीला जाऊन बघते. स्कूटी जाईल ना? तिथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून बरोबर दोनला हातसंचावर बोलते. तुम्ही इथं बसा."

"नको जाऊ."

"का?"

कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. एकोणतीस वर्षं जे तोंड मिटलं होतं ते एका पोरीपुढे उघडावं लागलं असतं. कानिफनाथांनी तोंड उघडलं.

"ऊन लई हाय," ते म्हणाले.

६

शनिवारी ते वर गेले तेव्हा काखेत वही होती. का घेतली, ते त्यांना सांगता आलं नसतं.

खोलीत गार होतं. बाहेर पत्रा तापून तडतडत होता आणि आत गार होतं. ओल मानेच्या वर गेली होती. खांद्यांचा तुकडा अजून कोरडा होता. त्याच्याकडे पाठ करवेना आणि तोंडही करवेना, म्हणून कानिफनाथ आडवे बसले. हातसंच चार बोटं लांब धरला.

दोनला दोन मिनिटं कमी असताना तिचा आवाज आला. मोकळा, धापा टाकणारा.

"बाबा, पोचले. ऐकू येतंय?"

"येतंय. काय हाय तिथं?"

"काही नाही. नुसतं जोतं राहिलंय खोलीचं. डबीबिबी नाही. खाली नदी कोरडी ठणठणीत." कळ पुन्हा दाबली गेली. "बाबा, जोतं मात्र ओलं आहे. इथं बसायला दगड आहे एक. मी जरा बसते, पाय भरून आले."

"बसू नको. पोरी, बसू नको तिथं. ऐकतीस का?"

खरखर सुरू झाली. तेवीस वर्षं ज्याने खरखर ऐकली त्याला तिची जात कळते. ही खरखर नव्हती. हे पाणी होतं.

पडद्यावर पाचवी ओळ उमटली.

हातसंचातून आवाज आला. पोरीचाच होता, पण त्यातला श्वास गेला होता.

"सात, चार, पूज्य."

कानिफनाथांनी कळ दाबली. "अलिझा. ऊठ. गाडीवर बस आन् ये."

कळ सुटल्याचा आवाज. कळ दाबल्याचा आवाज.

"सात, चार, पूज्य."

"आगं ऊठ म्हनतो ना! मी कानिफनाथ बोलतोय, औटी. ऊठ तिथनं!"

पाण्याचा आवाज जवळ आला. त्यात काहीतरी आपटत होतं, लाकूड किंवा दार. मुलगी ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सात, चार, पूज्य."

तीन झाले. त्यांच्या लक्षात आलं की ते मोजतायत. पाच झाले की शब्द थांबणार होते. ऊठ म्हणून, ये म्हणून, आरडाओरडा करून तिथं कुणी उठणार नव्हतं. तिथं बसलेलं माणूस एकाच उत्तराने उठायचं. ते उत्तर दिलं होतं, वेळेवर दिलं होतं, असं कानिफनाथांनी साहेबांपुढे छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. दिलं असेल तर आज परत कशाला द्यायचं?

"सात, चार, पूज्य."

चार.

त्यांनी कळ दाबली. दम घेतला. पहिला शब्द जाऊ नये म्हणून एक ठोका थांबले.

"सात," ते म्हणाले. "चार. पूज्य. मिळालं." कळ सोडली नाही. "जागा सोडा."

पाणी होतं तसंच थोडा वेळ वाजत राहिलं. मग कळ दोनदा दाबली गेली. टक, टक. ही नुरुद्दीनची खूण होती. रोज पोच मिळाली की तो दोनदा कळ वाजवायचा आणि चहाला उठायचा. ती कुठल्याही वहीत लिहिलेली नव्हती.

आवाज थांबला. पत्रा तडतडताना ऐकू येऊ लागला.

कानिफनाथांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. कोरडा तुकडा राहिला नव्हता. ओल सगळीकडे सारखी पसरली होती. तिथं आता पाठ टेकून कुणी नव्हतं.

"बाबा?" हातसंचातून मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही काही म्हणालात का? मी… किती वेळ बसले इथं?"

"ये निघून," कानिफनाथ म्हणाले.

७

ती साडेचारला आली. स्कूटी खाली लावून टेकडी चढली, हळूहळू, एकेक पायरी बघत. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती. गाळ अजून ओला होता. चप्पल एकच होती.

उंबऱ्यावर येऊन ती उभी राहिली. आत कट्ट्यावरच्या पडद्याकडे बघितलं. चार ओळी होत्या. मग म्हाताऱ्याच्या मांडीवरची वही बघून ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

कानिफनाथांनी खिशातला पेन काढला. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या पानावर, शेवटच्या ओळीपुढे, पोचेच्या रकान्यात खूण केली. शेजारचा शेऱ्याचा रकाना मोकळा होता. चौथी शिकलेल्या हाताने त्यांनी सावकाश लिहिलं.

पोच आज दिली. उशीर माझा. नुरुद्दीन जागा होता.

खाली सही केली, तारीख घातली आणि वही पोरीच्या हातात दिली.